कोचीनवालीची काठवट

मित्रांनो, मी एक जुनी काठवट आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला पाहिलं नसेल, म्हणून सांगते. ज्या लाकडी परातीत पीठ मळतात आणि भाकरी थापतात, ती मी. बाभळीच्या एकाच ठोकळ्यातून मला कोरून काढलं आहे. मला जोड नाही, खिळा नाही. मात्र माझ्या पोटात वीतभर लांब एक भेग आहे. ती कुठे पडली आणि कशी पडली, एवढंच मला तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म विट्याच्या पूर्वेकडच्या एका लहान गावातला. तिकडे पाऊस कमी. म्हणून गावातले पुरुष लांबच्या शहरांत जाऊन गलाईचा धंदा करतात. गलाई म्हणजे जुनं सोनं वितळवून शुद्ध करणं. कुणाचं दुकान मद्रासला, कुणाचं कलकत्त्याला. गावात अशा माणसांना आडनावानं कुणी हाक मारत नाही. ज्याचं दुकान जिथे, ते त्याचं नाव. मद्रासवाले आले, कलकत्तेवाल्यांच्या घरी लग्न आहे, असं लोक बोलतात.

बनुबाईचं लग्न कोचीनवाल्या भाऊसोंशी ठरलं तेव्हा तिच्या आईनं बांधावरची पडलेली बाभूळ नाथाजी सुताराकडे नेली. नाथाजीनं आठ दिवस वाकसानं तासून मला घडवलं. देताना तो म्हणाला, "हिला रोज हात लागला पायजे, रोज पाणी लागलं पायजे. कोरडी ठेवली तर उकलंल. मग माझ्या नावानं बोंब मारायची न्हाई."

"लेक कोचीनला चाललीया," बनुबाईची आई म्हणाली. "तिथं म्हनं समुद्र हाय."

"मग तर झ्याकच. लाकडाला ओल मिळंल," नाथाजी म्हणाला.

लेकीला ओल मिळेल का, हे त्या दोघांनीही बोलून दाखवलं नाही.

वाकळेत गुंडाळून मी मिरजेहून रेल्वेत बसले. दोन दिवस गाड्या बदलत आम्ही कोचीनला पोचलो. भाऊसोंनी समुद्राजवळच्या जुन्या वस्तीत, मिरी आणि सुंठेच्या वखारींच्या मागच्या गल्लीत, दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. घर कौलारू होतं. जिना लाकडाचा होता आणि जमीनही लाकडाची. खिडकी उघडली की आधी सुंठेचा वास यायचा, मग मासळीचा, आणि वारा फिरला की खारा. बोटीचा भोंगा झाला की भांडी थरथरायची.

घरमालकीण सुगराबी खालच्या मजल्यावर राहायची. तिचे पूर्वज कधीकाळी दख्खनमधून तिकडे गेलेले होते, त्यामुळे ती घरात दख्खनी बोलायची. पहिल्याच सकाळी बनुबाईनं माझ्यात पीठ मळून भाकरी थापायला घेतली, तर खालून काठीनं कुणीतरी लाकडी छत ठोकलं. पाठोपाठ जिना वाजला आणि सुगराबी धापा टाकत दारात उभी राहिली.

"क्या हो रा ऊपर? किसकू मार रा कोई?"

बनुबाईला हिंदी येत नव्हती. तिनं पिठाचे हात तसेच वर केले. सुगराबीनं माझ्याकडे पाहिलं, थापलेल्या भाकरीकडे पाहिलं, आणि ती जिन्यातच बसून हसायला लागली.

"हाय अल्ला, रोटी है! मैं समझी, नया दूल्हा दुल्हन कू पीट रा!"

बनुबाईनं तव्यावरची भाकरी काढून तिच्या हातात दिली. दोघींची ओळख झाली ती अशी. त्यानंतर तीस-बत्तीस वर्षं रोज सकाळी माझी थपथप खाली ऐकू जायची आणि ती ऐकून सुगराबी चहाचं आधण ठेवायची. एखाद्या दिवशी उशीर झाला की खालून काठी वाजायची. "बनू! जिंदी है क्या?"

ती तिला बनू म्हणायची. ही गोष्ट लक्षात ठेवा. त्या गल्लीत बाकी सगळे तिला 'मराठी चेच्ची', म्हणजे मराठी ताई म्हणायचे. गावाकडे ती 'कोचीनवाली' होती. भाऊसो तर 'अगं' म्हणूनच भागवायचे. लग्नाआधीचं तिचं नाव दोन मुलखांत मिळून फक्त सुगराबीच्या तोंडी उरलं होतं.

गावाकडून ज्वारीचं पोतं यायचं. ते संपलं की सुगराबी तांदळाचं पीठ पाठवायची आणि उकळतं पाणी घालून पत्तिरी कशी करायची ते शिकवायची. तीही एक भाकरीच, पण पांढरी आणि पातळ. बाभळीची मी, मला ते गरम पीठ आधी सोसलं नाही. पुढे त्याचीही सवय झाली.

क्रांतीचा जन्म त्याच खोलीतला. बनुबाई बाळंतपणाला माहेरी जाणार होती, तिकीटही काढलं होतं. पण पोरगी महिनाभर आधीच आली. त्या दिवशी भाऊसो दुकानातून धावत आले. गलाईवाल्यांची एक रीत असते. हाताला सोन्याची बारीक धूळ लागलेली असते, म्हणून ते हात दुकानातल्याच घमेल्यात धुतात आणि ते पाणी साठवतात. हात न धुता दुकानाचा उंबरा ओलांडायचा नसतो. भाऊसोंनी ती रीत जन्मात एकदाच मोडली. त्याच हातांनी त्यांनी बायकोसाठी माझ्यात पीठ मळलं. भाकरी तव्यावर टाकताना तिचे चार तुकडे झाले.

सुगराबी म्हणाली, "भाऊ, ये रोटी है या टूटा हुआ कौल?"

बाळंतीण खाटेवर हसली आणि तिनं ते चारही तुकडे खाल्ले. माझ्या लाकडात सोन्याचे दोन-चार कण असतील तर ते त्या दिवसाचे आहेत.

मित्रांनो, भाऊसो वाईट नव्हते. कष्टाळू होते, कमी बोलायचे. त्यांनी गावात बंगला बांधायला घेतला. एका साली पाया, दुसऱ्या साली भिंती, असं करत तो उभा राहिला. दरवर्षी गावच्या यात्रेला आठ दिवस ती तिघं जायची आणि बंगला उघडायची. मला मात्र नेत नसत. मी तेवढे दिवस सुगराबीच्या स्वयंपाकघरात असायचे. परत आल्यावर बनुबाई तिला सांगायची, ओटा संगमरवरी केला, कपाटाला काचा बसवल्या, नव्या परातींचे कागदसुद्धा अजून काढले नाहीत.

"फिर रहेंगे कब उधर?" सुगराबी विचारायची.

"पुढल्या साली," बनुबाई म्हणायची. भाऊसो तसंच म्हणत. पुढल्या साली दुकान पुतण्याच्या, जयराजच्या हवाली करू आणि गावी राहू. ते पुढलं साल आलंच नाही. क्रांती त्या खोलीत वाढली, खिडकीत बसून ढीगभर पुस्तकं वाचली, शिकली, आणि सांगलीच्या एका कॉलेजात शिकवायला लागली. तिनं तिथे एक फ्लॅट भाड्यानं घेतला. भाऊसोंना छातीचा आजार जडला आणि एका पावसाळ्यात ते त्याच खाटेवर गेले.

त्यानंतर काही महिन्यांनी सुगराबीचा मुलगा तारिक वर आला. तो जिन्याजवळच उभा राहिला. त्या वस्तीत आता देशोदेशीचे पाहुणे यायला लागले होते. जुन्या घरांत एक-दोन रात्री राहायला त्यांना फार आवडायचं. गल्लीतल्या निम्म्या घरांना पाट्या लागल्या होत्या. तारिक म्हणाला, "चाची, जल्दी नहीं है. लेकिन ऊपर के कमरे ठीक करके गेस्ट लोगां कू देने का सोच रा था."

खालून सुगराबीचा आवाज आला, "मेरे जीते जी बनू यहीच रहती! तू तेरे गेस्ट कू छत पे सुला!"

क्रांती सांगलीहून आली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि आईला म्हणाली, "आई, स्वतःचं एवढं मोठं घर असताना लोकांच्या घरात भाड्यानं कशाला राहायचं? घरी चल. मी दर रविवारी येईन. दीड-दोन तासांचा तर रस्ता आहे."

बनुबाई त्या वेळी मला ओल्या फडक्यानं पुसत होती. ती 'हो' म्हणाली नाही आणि 'नाही'ही म्हणाली नाही. कुठे राहायचं हे तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं, त्यामुळे उत्तर द्यायची तिला सवय नव्हती. क्रांतीला वाटलं, आईला बरं वाटलं. मला तेवढं फडकं कळत होतं. पुसून झालं तरी ती एकाच जागी पुसत राहिली होती.

निघताना सुगराबी बाहेर आली नाही. दार लावून आत बसली. बनुबाईनं दाराबाहेर एक गरम भाकरी झाकून ठेवली आणि आम्ही निघालो.

असा मी तो बंगला पहिल्यांदा पाहिला. तो खरोखर मोठा होता. पण त्याच्या ओळीतले सगळेच बंगले मोठे होते आणि सगळ्यांना कुलपं होती. मालक मद्रासला, कलकत्त्याला. त्या ओळीत एकच माणूस रोज फिरायचं, दगडाबाई. ती सात बंगल्यांची अंगणं झाडायची आणि सातही बंगल्यांच्या किल्ल्या कमरेला लावायची. चालताना खुळखुळ आवाज यायचा.

"आवं वैनी," ती चौथ्याच दिवशी म्हणाली, "एकल्या माणसाला धा खोल्या झाडायला व्हत्यात का? दोन उघड्या ठेवा, बाकीच्यास्नी कुलूप घाला. आन् मोठ्या दाराची एक किल्ली ऱ्हाऊ द्या माज्याकडं, सातात आणि एक."

बनुबाईनं तसंच केलं. स्वतःच्या बंगल्यात ती दोन खोल्यांत राहायला लागली.

स्वयंपाकघराचा ओटा कमरेएवढा उंच आणि गुळगुळीत होता. त्यावर मला ठेवलं की मी सरकायचे. म्हणून ती मला जमिनीवर घेऊन बसायची. पहिले काही दिवस तिनं पूर्वीसारख्या सहा भाकरी केल्या. सवयीनं. मग दोन. मग सकाळची एक ती संध्याकाळी पुरवायला लागली. पुढे एक दिवसाआड. माझी थपथप खाली जायला तिथे खाली कुणी नव्हतं, नुसता पाया होता.

दुपारी ती सुगराबीला फोन लावायची.

"क्या बनू, अपने घर में रानी बनके बैठी क्या?"

"बैठी," बनुबाई म्हणायची.

"हवा है उधर?"

"है. कोरी."

"सूखी बोलते उसकू. तीस साल में हिंदी नै सीखी." फोनमधून बोटीचा भोंगा ऐकू यायचा. तो वाजेपर्यंत बनुबाई फोन ठेवायची नाही.

क्रांती आधी दर रविवारी आली. मग पेपर तपासायचे असले की एक रविवार चुकायचा. मग महिन्यातून एकदा. प्रत्येक वेळी ती पिशवीभर फळं आणि औषधं आणायची आणि आईनं काय खाल्लं ते विचारायची. तिचं प्रेम कमी नव्हतं. हे मी शपथेवर सांगेन.

उन्हाळा आला. आमच्या भागातलं ऊन तुम्हाला ठाऊक असेल. बनुबाईनं भाकरी करणंच सोडलं होतं, त्यामुळे अकरा दिवस मला पाणी लागलं नव्हतं. बाराव्या दिवशी भर दुपारी माझ्या पोटात 'टक्' असा आवाज झाला. बनुबाई शेजारीच आडवी झाली होती. ती उठून बसली, तिनं माझ्यावरून बोट फिरवलं आणि ते भेगेवर थांबवलं. तीस वर्षं समुद्राकाठी राहून मला ओरखडा उठला नव्हता. तिनं खोबरेल तेल आणून माझ्या भेगेत थेंब थेंब सोडलं.

पावसाळा संपत आला तेव्हा एका रविवारी तिनं क्रांतीला म्हटलं, "एकदा मला कोचीनला न्हेऊन आण की गं. ऱ्हायला न्हाई. चार दिस."

क्रांतीनं वहीतून मान वर केली. "जाऊ ना, आई. आत्ता परीक्षा आहेत. दिवाळीच्या सुट्टीत नक्की."

"बरं," बनुबाई म्हणाली. तिला हे उत्तर ओळखीचं होतं. हे फक्त नव्या आवाजात होतं.

तरी तिनं तयारी केली. वाकळ धुवून वाळवली, कारण मलाही न्यायचं होतं. सुगराबीसाठी ज्वारी निवडून ठेवली. दगडाबाईला सांगितलं, "दिवाळीत आठव्या बंगल्याकडं बी तूच बघ."

घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दगडाबाईनं दार ठोकलं. आतून आवाज आला नाही. कमरेची किल्ली लावून ती आत आली. बनुबाई झोपेतच गेली होती. दगडाबाई किल्ल्यांचा जुडगा मुठीत धरून, तो वाजू न देता, तिच्या उशाशी बसून राहिली.

दिवसकार्य झालं. पाहुणे आले आणि गेले. जयराज सामान आवरताना मला उचलून म्हणाला, "क्रांते, ही उकललीय. ठेवून काय करतीस? आमच्या दुकानात दे. सोनारांच्या जुन्या फळ्या आम्ही भट्टीत घालतो तशी घालू, काकांच्या हातचं कणभर सोनं निघालं तर निघालं."

तो चेष्टा करत होता की नाही, मला कळलं नाही. क्रांतीनं मला त्याच्या हातातून घेतलं आणि मांडीवर पालथं घातलं. मग ती म्हणाली, "ती कोचीनला जायचीय. आईनं ठरवलं होतं."

दिवाळीच्या सुट्टीत ती खरंच निघाली. धुतलेल्या वाकळेत मी आणि शेजारी निवडलेल्या ज्वारीचं पीठ. कोचीनच्या त्या घराला आता पाटी होती. वरच्या दोन खोल्यांना पांढरा रंग होता, खाटेवर मच्छरदाणी होती. क्रांतीनं आपली जन्माची खोली पाहुण्यासारखी, नाव-गाव लिहून, चार रात्रींसाठी घेतली. तारिकनं पाहुण्यांची वही मिटायचा प्रयत्न केला, पण तिनं लिहिलंच.

सुगराबी फार थकली होती. जिना चढणं बंद झालं होतं. तिनं मला मांडीवर घेतलं आणि बराच वेळ नुसता हात फिरवला.

तारिक म्हणाला, "क्रांती, इसकू ऊपर दीवार पे लगा देंगे. गेस्ट लोगां फोटो निकालते."

"मेरकू भी लगा दे फिर दीवार पे," सुगराबी म्हणाली. "मैं इससे भी पुरानी है."

क्रांती हसली. त्या महिन्यात ती पहिल्यांदाच हसली असावी. मग मला आणि सुगराबीची शेगडी-तवा घेऊन ती वर गेली आणि खिडकीखाली, आई बसायची तिथे बसली. तिनं आयुष्यात भाकरी केली नव्हती. पुस्तकातल्या माणसांची सगळी दुःखं तिला ठाऊक होती, पण पिठात पाणी किती घालायचं ते ठाऊक नव्हतं. तिनं मळलं, थापलं, आणि तव्यावर टाकताना भाकरीचे तुकडे झाले.

तेवढ्यात खालून काठी वाजली. ठक्, ठक्.

क्रांतीचे हात माझ्यातच थांबले. ती तशीच बसून राहिली. मग तुकडे ताटलीत घेऊन खाली गेली. जिन्यातून मला सुगराबीचा आवाज ऐकू आला, "टूटा हुआ कौल! तेरे बाप की रोटी भी ऐसीच थी." आणि जरा वेळानं, हळू, "बनू कू बोली थी मैं, मत जा. लेकिन मेरकू कौन पूछता? उसकू भी कौन पूछा?"

क्रांती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही.

चौथ्या दिवशी निघायच्या आधी तिनं मला धुतलं, पुसलं आणि भेगेवरून नख फिरवलं. नख कुठेच अडकलं नाही. समुद्राच्या हवेनं लाकूड फुगलं होतं आणि भेग मिटली होती. तिनं पुन्हा फिरवलं. पुन्हा अडकलं नाही. फक्त चार दिवस लागले होते. आईनंही चारच मागितले होते. क्रांतीनं मला छातीशी धरलं आणि खिडकीकडे पाठ करून ती पहिल्यांदा रडली. तोंडातून आवाज काढला नाही, खाली ऐकू जाईल म्हणून.

आता मी सांगलीत, तिच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये आहे. इथली हवा कोरडी. भेग पुन्हा उघडली आहे आणि ती आता अशीच राहणार. दर रविवारी क्रांती जमिनीवर बसून माझ्यात भाकरी थापते. आतापर्यंत दोन भाकऱ्या अखंड निघाल्या आहेत. बाकी वेळ घर फार शांत असतं.

मागच्या रविवारी दाराची घंटा वाजली. खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाई होत्या, रागानं आलेल्या. "आवं बाई, दर रविवारी वर काय ठोकताय? भिताडं पाडताय का काय?"

क्रांतीनं पिठाचे हात वर केले. मग ती बाजूला झाली आणि म्हणाली, "आत या. एक तुटलेली आहे, चालेल का?"

मित्रांनो, माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू तुमच्या घरात असेल तर तिला रोज हात लावा, तेल-पाणी करा. भिंतीवर टांगू नका. आणि घरातल्या जुन्या माणसाला एका जागेवरून दुसऱ्या जागी न्यायचं झालं, तर आधी विचारा, तुला कुठे राहायचं आहे? ते गप्प बसलं, तर त्याला होकार समजू नका. शेजारी बसा आणि पुन्हा विचारा. आमच्या घरात तेवढं राहून गेलं.